आठ हजार चारशे

डाळ लागली. घरात सव्वा वर्षाचं मूल असलं की कधी ना कधी डाळ लागतेच, त्यात कुणाला सांगण्यासारखं काही नाही. पण शिवांगीला टॉवेलात गुंडाळून विशाखा न्हाणीघरातून बाहेर आली, तेव्हा धनंजय ओट्यापासून दोन हातांवर टेबलाशी बसला होता आणि त्याच्या डाव्या अंगाला कुकर धुमसत होता. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, असं सांगून ती आत गेली होती. चौथी झाली तेव्हा तिनं आतून हाक मारली. पाचवीला शिवांगीच्या डोळ्यांत साबण गेला. सातवी झाली आणि करपल्याचा वास दाराच्या फटीतून आत आला. हा मात्र प्लास्टिकच्या डबीतले बारीक स्क्रू बोटाच्या टोकानं एकेक करून बाजूला घेत होता, तांदळातले खडे वेचावेत तसा. तिनं गॅस बंद करायला हात पुढे केला तसा तो दचकला. त्यानं कुकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“शिट्टी झालीच नाही,” तो म्हणाला.

खोटं बोलायचं असलं की धनंजय एक वाक्य जास्त बोलतो, हे चार वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. बाजारात उशीर झाला तर गर्दी होती एवढं म्हणून तो थांबत नसे, कुठल्या दुकानापाशी, किती, तेही सांगे. आज तो एकच वाक्य बोलला आणि पुन्हा स्क्रूंकडे वळला. तिला राग आला, आणि ते एकच वाक्य खटकलंही. करपलेली डाळ तिनं वरच्यावर काढून घेतली. बोलणं तिनं कमीच केलं होतं गेले काही महिने. ओट्याशी उभं राहून दिवसभराचं सांगत राहायचं आणि मागून नुसतं ‘हं’ यायचं. शेजारची सफूरा काय म्हणाली, शिवांगीनं भिंतीला धरून किती पावलं टाकली, सगळ्याला एकाच वजनाचं ‘हं’. रात्री पोर रडायची तेव्हा हा उजव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून ढिम्म. ती उठायची, पोरीला खांद्यावर घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या घालायची, आणि परत येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहायची. कंटाळला असेल, असा निष्कर्ष तिनं काढला होता. इथं ओमानात, इब्राला येऊन पडलेल्या बाईला निष्कर्ष काढायला वेळ भरपूर असतो.

आणि तरी गाडीत बसलं की तो वेगळाच नवरा होऊन जायचा. हेही तिला कळत नव्हतं. मस्कतला जाताना, अल अमेरातच्या चुलतभावाकडे जाताना, दोन-दोन तास तो गप्पा मारायचा, तिच्या आईची नक्कल करायचा, तिचं अर्धं वाक्य पुरं करायचा. रस्त्यानं त्याला मोकळं वाटत असेल, असं ती म्हणायची. आजही सनाइयाकडे, गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीकडे, जाताना त्यानं स्वतःहून विषय काढला. डाळीचं राहू दे, येताना पराठे घेऊ. शुक्रवार असल्यामुळे सनाइयातली सगळी शटर्स खाली होती, रस्त्यावर एक बोकड तेवढा पुठ्ठा चघळत उभा. शिवांगी तिच्या मांडीवर होती, केसांत जांभळी क्लिप. ती क्लिप अर्बाबच्या, गॅरेजच्या मालकाच्या, धाकट्या मुलीनं गेल्या महिन्यात स्वतःच्या केसांतून काढून तिला दिली होती, आणि परत द्यायला गेलं तर हात मागे बांधून उभी राहिली होती. त्याच अर्बाबची वाळूत पळवायची बग्गी आज धनंजयच्या हातून तयार व्हायची होती. उद्या शनिवारी दोन्ही मुलींना घेऊन तो बिदियाच्या वाळूत जाणार होता.

विशाखाला बोलावण्याचं कारण एवढंच, की गॅरेजातला मदतनीस रमण सुट्टीवर त्याच्या गावी गेला होता. बग्गी चढावर नेऊन तपासायची तर चालवणाऱ्याचे डोळे वाळूवर लागतात, शेजारी बसून मीटरवरचा इंजिनाच्या गतीचा आकडा वाचणारं कुणीतरी हवं. हे काम एरवी रमणचं. गॅरेजचे उस्ताद हुसैनमियाँ यांच्या कमरेला धक्के सोसत नव्हते. ते म्हणाले, बायकोला आण, आकडा वाचायला काय लागतं, बाळाला मी सांभाळतो. धनंजयला हे सगळंच थोतांड वाटायचं. अर्बाबला कागदावर आकडा लागतो म्हणून लिहून द्यायचा, बाकी इंजिन कानाला कळतं, असं तो अभिमानानं म्हणायचा. हे त्याला हुसैनमियाँनीच शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी लांज्याहून आलेल्या पोराच्या हातात त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर दिला, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावायला सांगितली. आधी आयक, मग पाना उचल. तेव्हापासून तो ऐकत आला होता, डाव्या कानानं, कारण उजवा हात पान्यासाठी मोकळा लागतो.

बग्गी मागच्या अंगणात उभी होती, शेपटीकडे नवा सायलेन्सर, अर्बाबच्या मेहुण्यानं दुबईहून आणलेला, अजून बोटांचे डाग न पडलेला. हुसैनमियाँ भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. शिवांगी त्यांच्याकडे झेपावली आणि थेट दाढीत हात घातला. घरात विशाखा धनंजयला ‘धनू’ म्हणे, हुसैनमियाँसमोर ‘अहो’. “अहो, हे मीटर कुठलं बघायचं?” तिनं विचारलं. त्यानं दाखवलं, आणि क्लच उघडून समजावूनही सांगितलं, तसं सांगताना तो सुंदर दिसायचा. हिला गिअर नसतात. दोन चकत्यांच्या जोड्या आणि मधे एक रुंद पट्टा. इंजिनाकडच्या जोडीत तीन लहान वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात, चकत्या आवळतात, पट्टा वर चढतो आणि बग्गी पळते. वजनं जड झाली तर चकत्या लवकर आवळतात आणि इंजिन दमतं. हलकी झाली तर इंजिन नुसतं किंचाळत राहतं, पट्टा धड पकडला जात नाही, घसरतो, तापतो. सायलेन्सर बदलला की इंजिनाची खरी ताकद जिथं येते ती जागाच सरकते, म्हणून वजनं पुन्हा जुळवावी लागतात. वजनांच्या भोकांत बारीक स्क्रू घालायचे नाहीतर काढायचे, अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचा खेळ. नव्या सायलेन्सरच्या कागदावर आकडा होता आठ हजार चारशे. चढावर पूर्ण दाबल्यावर मीटर तिथं थांबलं पाहिजे, अलीकडे नाही, पलीकडे नाही.

तिला ते चटकन कळलं. पट्ट्याच्या घरातच ती वाढली होती. कराडला घराच्या खाली अण्णांची पिठाची गिरणी होती, आणि दुपारी झोपलं की पलंगाच्या पायांतून गिरणी अंगात चढायची. पट्टा घसरायला लागला की अण्णांच्या आधी तिला कळायचं, वासानं. रबर आणि पीठ एकत्र भाजल्यासारखा तो वास. ती जिन्यात उभी राहून हातवारे करायची आणि अण्णा पकड यावी म्हणून राळेचा खडा घेऊन पट्ट्याकडे जायचे. हातवारेच करायला लागायचे, कारण हाक पोचत नसे. गिरणीच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही, असं घरात सगळे म्हणत. गिरणी बंद असतानाही अण्णांना ऐकू येत नव्हतं, हे कुणी म्हणत नसे.

पहिल्या फेरीला सात हजार नऊशे आले. सनाइयाच्या मागे ओढ्याच्या कडेला वाळूचा लांब चढ होता, तिथं तो बग्गी पूर्ण दाबून वर घ्यायचा. आवाज पाठीत बसत होता. वर पोचल्यावर तिनं आकडा सांगितला, त्यानं मान हलवली, खाली येऊन स्क्रू काढले. दुसऱ्या फेरीला मीटरवर आठ हजार चारशे आले आणि तिथंच थांबले, खिळा ठोकल्यासारखे. तिला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या दंडावर थाप मारली. पण तो मान डावीकडे मागे वळवून, डोळे बारीक करून ऐकत होता.

“दबतंय अजून,” तो म्हणाला. “मोकळं झालं नाही.”

“आठ हजार चारशे आले की.”

“मीटर पुढं दाखवतंय. विशू, मी आठ वर्षं हेच करतोय.”

त्यानं आणखी स्क्रू काढले. तिसऱ्या फेरीला इंजिन तिच्या कानाला शिवणयंत्रासारखं बारीक, कर्कश लागलं. आठ हजार आठशे. चढाच्या मध्यावर बग्गी जोर लावून पुढे जायच्या ऐवजी नुसती ओरडली, आणि वर पोचताना तिच्या नाकात काहीतरी आलं आणि वाऱ्यानं गेलं. धनंजयचा चेहरा मात्र उजळला होता. आता कसं मोकळं झालं, असं म्हणत त्यानं बग्गी खाली आणली. हुसैनमियाँ शिवांगीला कडेवर घेऊन पुढे आले.

“किती आयला गो आकडा?”

तिच्या आधी धनंजयनंच सांगितलं, चौऱ्याऐंशीशे. मग तिच्याकडे पाहिलं. “ना?”

हो, ती म्हणाली. मांडीवरच्या कागदावर लिहिलंही, आठ, चार, शून्य, शून्य, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात. उस्तादांसमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, आणि मीटर खरंच पुढं दाखवत असेल तर, आणि आठ वर्षं काय कमी असतात. एवढं सगळं मनात यायला एक क्षण पुरला. कागद हुसैनमियाँच्या हातात गेला. खिशातला चष्मा न काढता त्यांनी तो घडी करून ठेवला. धनंजय क्लचचं झाकण शेवटचं पुसायला वाकला, ते अजून पुरतं बसवलेलं नव्हतं, आणि तेव्हा तो वास पुन्हा आला, आता वारा नव्हता म्हणून सावकाश, ओळख देत आला. रबर भाजल्याचा.

ती जिन्यात उभी होती. नऊ वर्षांची. खाली दळण घेऊन बायका थांबल्या होत्या आणि आई अण्णांच्या बाजूला उभी राहून नेहमीसारखी त्यांच्या वतीनं बोलत होती. ‘संध्याकाळी या म्हणतायत.’ ‘ज्वारी आधी घेतो म्हणतायत.’ अण्णा काहीच म्हणत नसत. आई त्यांच्या चेहऱ्याकडे पाही आणि गिऱ्हाइकाला उत्तर देई, आणि लोक म्हणत, काय जोडा आहे, मनातलं ओळखते. विशाखासुद्धा हे शिकली होती. गुरुजी घरी आले की त्यांचं वाक्य ती पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायची, स्वतःलाच नीट कळावं म्हणून म्हणतेय असं दाखवून. सगळं घर त्या एका माणसाची लाज झाकत होतं, इतकं प्रेमानं, की तो उघडा पडला नाही आणि बराही झाला नाही. त्या दिवशी पट्टा चाकावरून उतरायला आला तेव्हा अण्णा राळ लावायला हात पुढे करत होते. आई दारातून ओरडली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे कित्येक वर्षं, हळदीकुंकवाला, मयताला, कुठंही, आई मधेच थांबून म्हणायची, मी ओरडले होते हो. ओरडले होते मी.

शिट्टी झालीच नाही.

मग एकेक गोष्ट आपोआप आपल्या जागी जाऊन बसू लागली. घरी टेबलाशी त्याची खुर्ची अशी, की ओटा डावीकडे. इथल्या गाडीत तो डावीकडे चालवायला आणि ती त्याच्या उजवीकडे. उजव्या कुशीवर झोपला की उजवा, चांगला कान उशीत. दारावरची बेल, कुकर, पोरीचं रडणं, सगळे बारीक, उंच आवाज. तिचा स्वतःचा आवाजही बारीकच, शाळेत सगळे चिडवायचे. कंटाळला नव्हता तो. इतके महिने आपण एका माणसावर रुसलो आणि त्या माणसाला रुसवा ऐकूच गेला नाही. आणि इंजिनाच्या आवाजातली बारीक धार त्याला ऐकू येत नव्हती म्हणून तो ती आणायला स्क्रू काढत चालला होता. उद्या वाळूच्या उभ्या टेकडीवर हा तापलेला पट्टा तुटला असता, मग इंजिन चाकांना धरून ठेवत नाही, बग्गी मोकळी मागे सुटते, आणि मागच्या सीटवर क्लिप देणारी मुलगी. तिला वाटलं, अजूनही हे माझ्या मनाचे खेळ असतील. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली, हातभर अंतरावर, आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

“अहो, पट्टा जळतोय.”

तो झाकण पुसत राहिला. तिनं पुन्हा म्हटलं. फडका गोल फिरत होता, शांत, समाधानी. तिनं मान वर केली तर हुसैनमियाँ तिच्याकडेच पाहत होते, आणि तिची नजर भेटताच त्यांनी नजर वळवून शिवांगीच्या क्लिपकडे पाहिलं. त्यावरून तिला कळलं, की हे त्यांना ठाऊक आहे. नुसतं ठाऊक नाही, ते वाट बघत होते, कुणीतरी दुसऱ्यानं सांगावं म्हणून.

तिनं त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी मुकाट कागद दिला. बग्गीच्या टपावर ठेवून तिनं आठ हजार चारशेवर काट मारली आणि खाली लिहिलं आठ हजार आठशे. पेन दोनदा अडकलं. मग ती बग्गीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि कागद त्याच्या नजरेखाली धरला.

“मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “चौऱ्याऐंशीशे दुसऱ्या फेरीला होते. आणि सकाळी शिट्टी झाली होती, धनू. सात झाल्या.”

उस्तादांसमोर ती धनू म्हणाली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्यानं कागद वाचला. मग फडक्याची चौकोनी घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. ओरडेल, असं तिला वाटलं, मीटर फेकेल. तो झाकण काढून पट्ट्यावर हात ठेवायला गेला आणि चटका बसून त्यानं हात मागे घेतला. पट्ट्याच्या कडेला चकाकी आली होती, घासून घासून आलेली.

“मार्चपासून,” तो शेवटी म्हणाला, पट्ट्याकडे बघतच. “कानात रातकिड्यासारखं वाजत होतं. मला वाटलं एसीचा आवाज. एक दिवस एसी बंद केला तरी वाजत राहिलं.” आणि मग हुसैनमियाँकडे न बघता, “कान नसलेला मिस्त्री कशाला ठेवील कोण.”

हुसैनमियाँनी शिवांगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते बोलले, पण धनंजयशी की भिंतीशी, ते नीट कळलं नाही.

“रमणला मी बाजूला कशाला बसवायचो रे? वारा खायला? पाच वर्सां झाली मला ह्या कानानं काय आयकायला येत नाय. तुला शिकवलं तेव्हाच अर्धं गेलेलं होतं. मी त्याच्या ओठांकडं बघून आकडा घ्यायचो आणि कान लावून बसायचो, इज्जतीसाठी.” मग ते म्हणाले, “तुला सांगायला हवं होतं. तू त्या स्क्रू ड्रायव्हरचा इतका अभिमान बाळगायचास.”

शटरावर ऊन तापून पत्रा मधूनच तडतडत होता, तो आवाज विशाखाला ऐकू येत होता आणि त्या दोघांना येत नव्हता, आणि हे इतकं साधं, इतकं रोजचं होतं की तिला रडू आलं नाही. पट्टा निवल्यावर धनंजयनं तो काढून टाकला, नवा आणून बसवला. मग डबी उघडली आणि काढलेले स्क्रू एकेक करून वजनांच्या भोकांत परत फिरवले. एकही स्क्रू खाली पडला नाही. चढाच्या पायथ्याशी त्यानं बग्गी थांबवली आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे तोंड करून बसला.

“तू सांग,” तो म्हणाला.

तो वर घेत गेला आणि ती आकडा म्हणत गेली, मोठ्यानं, त्याच्या उजव्या कानाशी, सहा हजार, सात हजार दोनशे, आठ हजार, आठ हजार तीनशे. मीटर पुढे सरकलं आणि थांबलं. बग्गीनं मधेच कुठं कच न खाता सगळा चढ एका दमात घेतला.

“आठ हजार चारशे.”

“खरं?”

हा शब्द तिला लागला. लागायलाच हवा होता. “खरं,” ती म्हणाली. “वर पोचेपर्यंत हललं नाही.”

त्यानं मान डावीकडे वळवली, नेहमीच्या सवयीनं, आणि अर्ध्यावर थांबवली. “मला अजून बंदच वाटतंय,” तो म्हणाला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला नाही, काही समजावलंही नाही. बंद वाटत असेल तर ते तसंच असू द्यायला हवं होतं. ते दोघांनी मिळून पुन्हा झाकायचं नव्हतं. मग त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं, आधीच्या दोन आकड्यांखाली स्वतःच्या वाकड्या अक्षरात तिसरा लिहिला आणि पुढे कंसात ‘मीटरवरून’ असं लिहिलं. डॉक्टरचं दोघांपैकी कुणी काढलं नाही. रविवारी सकाळी कामावर जायच्या आधी जायचं, हे खाली उतरेपर्यंत न बोलताच ठरलं होतं.

अंगणात आले तेव्हा शिवांगी कंटाळली होती. बापाला पाहून तिनं दोन्ही हात पुढे केले आणि त्यानं तिला सवयीनं डाव्या खांद्यावर घेतलं. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलू लागली. महिनाभर ती असंच बोलायची, त्याच्या त्याच बाजूला, आणि हा तिची पाठ थोपटत दुसरीकडेच बघत राहायचा. विशाखा पुढे झाली. पोरीला त्याच्या हातातून उचललं, तो काय झालं म्हणून बघायच्या आत उजव्या खांद्यावर ठेवलं आणि क्लिप नीट केली. शिवांगीला काही फरक पडला नाही, तिचं चालूच होतं, बाबाबाबा बाबा, लाळेनं ओलं, अर्थाशिवाय.

धनंजय होता तिथं थांबला. मान किंचित कलती केली, डोळे बारीक केले आणि श्वास रोखून धरला, इंजिनाशी स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून उभा राहायचा तसा.